तीन नंबर कोणत्या बाजूनं?

आमच्या घराण्यात आजवर एकच नवरदेव एसटीचं तिकीट काढून स्वतःच्या लग्नाला गेला आहे, आणि त्याचं सगळं श्रेय माझं आहे.

नवरदेव म्हणजे माझा पुतण्या अमोल, दादाचा मुलगा. दादा माझा थोरला भाऊ. आम्ही यवतमाळला एकाच गल्लीत समोरासमोर राहतो, त्यामुळे माझ्या घरी काय बिघडलं हे त्याला माझ्याआधी कळतं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मी जे काही केलं त्याचा राज्यशास्त्राशी काहीही संबंध नाही. मोटारीशी तर त्याहून नाही.

लग्नाच्या काही दिवस आधी माझी गाडी आजारी पडली. छोटीशी पांढरी गाडी, तीन सिलेंडरचं इंजिन, स्वभावानं गरीब. पण दूर जाऊन आलो की घरापाशी येईस्तोवर ती थरथरायला लागायची. उभी केली की अशी हलायची, जणू डिसेंबरात पहाटे कुणी तिच्या अंगावर गार पाणी ओतलंय. शिवाय स्टिअरिंगच्या मागं इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा लागायचा.

"मेकॅनिकले दाखवा," माझी बायको वर्षा म्हणाली.

"मेकॅनिकला कशाला? मी आहे ना!"

"म्हणूनच म्हणून राह्यली," ती म्हणाली.

मी लक्ष दिलं नाही. मोबाइलवर गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून पाहून माझ्या ज्ञानाला नुकतीच धार आली होती. मी घरपोच एक यंत्र मागवलं. काड्यापेटीएवढं यंत्र, स्टिअरिंगच्या खाली खोचायचं, मोबाइलला जोडायचं, की गाडी आपल्या पोटातलं दुखणं स्वतःच सांगते. ते यंत्र खोचलं त्या दिवशी मी गल्लीतल्या चारपाच जणांना बोलावून घेतलं होतं. (डॉक्टर पहिल्यांदा स्टेथोस्कोप गळ्यात घालतो तेव्हा असंच वाटत असणार.)

मोबाइलवर अक्षरं उमटली. सिलेंडर क्रमांक तीन, मिसफायर.

"म्हंजे काय?" दादानं विचारलं.

"म्हणजे तीन सिलेंडरपैकी तिसऱ्यात पेट्रोल पेटत नाहीये. दोघं ओढतात, तिसरा नुसता बसून पगार घेतो."

"आमच्या ऑफिसवानी," दादा म्हणाला. तो नुकताच रिटायर झाला होता.

मी बॉनेट उघडलं. समोर तीन सिलेंडर ओळीनं उभे. आता त्यातला तिसरा शोधणं म्हणजे काय मोठं काम? बॅटरीच्या बाजूनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन! सापडला चोर! त्याचा प्लग बदलला, प्लगला ठिणगी देणारी कॉइल बदलली, दोन्ही कोऱ्या करकरीत. मग मोबाइलवरचं एक बटण दाबलं, आणि चमत्कार! पिवळा दिवा विझला!

(ते बटण दिवा विझवायचंच होतं हे मला नंतर कळलं. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून परत डबीत ठेवावा, तसा तो प्रकार.)

गाडी घेऊन बसस्टँडपर्यंत गेलो, आलो. इंजिन लोण्यासारखं! एक थरथर नाही, एक धक्का नाही. घरात शिरलो तो मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक राहिलोच नव्हतो.

तिकडे दादानं नवरदेवासाठी भाड्याची मोठी गाडी ठरवायला घेतली होती. मला ते ऐकून वाईट वाटलं.

"दादा, घरची गाडी असताना भाड्याची कायले?"

"तुया गाडीचा तो दिवा गेला काय?"

"गेला."

"अन् आजार?"

"दिवा गेला म्हणजे आजार गेला, दादा. विज्ञान आहे हे."

दादानं वर्षाकडं पाहिलं. वर्षानं छताकडं पाहिलं. वहिनीनं देवाकडं पाहिलं. पण सख्ख्या काकाचा उत्साह मोडायचा कसा? अमोलच म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना. काका एवढे म्हणून राह्यले तं." फार गुणी पोरगा. त्या गुणाचीच त्याला शिक्षा झाली.

लग्न मारेगावला. मुलगी प्राजक्ता, तिथलीच, नर्स म्हणून नोकरीला. मुहूर्त भर दुपारचा. वऱ्हाडाची बस सकाळीच पुढं पाठवली. वहिनी, मामा, मावश्या, रुखवत पाहायला उतावीळ झालेल्या सगळ्या बायका तिच्यात गेल्या. "बस हळू जाते, आपण मागून निघून पुढं जाऊ," असं मीच सुचवलं होतं. गाडीला फुलांची जाळी अशी घातली होती की बॉनेट कुठलं आणि काच कुठली हे फक्त मलाच माहीत होतं. मी चालवायला, बाजूला दादा, मागं वर्षा आणि शेरवानी-फेट्यातला अमोल. असे आम्ही निघालो.

वाटेतल्या जोडमोहापर्यंत गाडी राजासारखी चालली. मी दादाला सांगतही होतो की मेकॅनिक लोक उगाच सगळं अवघड करून ठेवतात. तेवढ्यात गाडीनं पहिला धक्का दिला.

"काय झालं?" दादा.

"रस्ता खराब आहे."

रस्ता नवा कोरा सिमेंटचा होता. भात सांडला असता तर उचलून खाता आला असता, इतका.

दुसरा धक्का. तिसरा. मग गाडीला उचकीच लागली. इंजिन गरम झालं तसा तो तिसरा सिलेंडर कधी काम करी, कधी रजेवर जाई, आणि प्रत्येक रजेला अमोलचा फेटा छतावर आपटे.

"काका, तुरा वाकला!"

"वाकू दे, मान सांभाळ!"

"अरे, मागून बैलगाडी येऊन राह्यली," दादा आरशात पाहून म्हणाला. "तिले साइड दे."

पुढच्या चढावर गाडी इतकी मंदावली की रस्त्याकडेच्या कापसाच्या शेतातल्या बाया वेचणी थांबवून नवरदेव बघायला बांधापर्यंत आल्या, आणि त्यांचं बघणं सावकाश होईल एवढा वेळ आम्ही त्यांच्या समोर होतो. एकीनं वर्षाला नवरीचं गावसुद्धा विचारून घेतलं. शेवटी एका चहाच्या टपरीजवळ मी गाडी बाजूला घेतली. पिवळा दिवा परत लागला होता. नुसता लागला नव्हता, आता उघडझाप करत होता.

मी फुलांची जाळी बाजूला सारून बॉनेट उघडलं. यंत्र खोचलं. मोबाइलवर पुन्हा तेच. सिलेंडर क्रमांक तीन.

"अशक्य!" मी म्हणालो. "तीनचं सगळं नवीन आहे. हे यंत्रच खोटं बोलतंय."

वर्षा खाली उतरली. तिनं इंजिनाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही तीन नंबर कोणत्या बाजूनं मोजला?"

"म्हणजे? बॅटरीच्या बाजूनं."

"अन् गाडी बनवणाऱ्यानं कोणत्या बाजूनं मोजला?"

मी आजवर हजारो विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले असतील. पण समोरच्याची जीभ टाळ्याला चिकटावी असा प्रश्न मला कधी सुचला नाही.

"हे काही विचारायचं असतं का?" मी म्हणालो.

मोबाइलवर शोधायला रेंज नव्हती. अमोल शेरवानी सावरत टपरीशेजारच्या पुलाच्या कठड्यावर चढला, हात वर करून मोबाइल धरला, तेव्हा कुठं एक काडी आली. आता काय दृश्य होतं म्हणता! वर नवरदेव, खाली कोरडा नाला, आणि येणाराजाणारा प्रत्येक मोटारसायकलवाला गाडी हळू करून ओरडतोय, "भाऊ, लग्न नाही करायचं तं नको करू, पण उतर खाली!"

"सापडलं!" अमोल वरून ओरडला. "काका, इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूनं मोजायचं असते! बॅटरीच्या नाही!"

थोडक्यात, मी ज्याला तीन समजलो तो एक नंबर होता. ठणठणीत तब्येतीच्या सिलेंडरवर मी उपचार केले होते, आणि आजारी बिचारा बाजूला कण्हत पडला होता.

"ऑपरेशन दुसऱ्याचंच केलं तुनं," दादा म्हणाला.

पण मी खचलो नाही. (हा माझा सगळ्यात घातक गुण.) सोपं होतं! एकवरची नवी कॉइल काढायची, खऱ्या तीनवर लावायची. एवढं केलं की निघालो! इंजिन तापलेलं होतं. मी रुमाल हाताला गुंडाळला, वाकलो, तोल जायला लागला म्हणून आधाराला जे मिळालं ते धरलं. तो खाली उतरून शेजारी उभ्या राहिलेल्या अमोलचा खांदा निघाला. पांढऱ्याशुभ्र शेरवानीवर माझी पाचही काळी बोटं उमटली. रेषांसकट.

अमोलनं मान वळवून खांद्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काका, आशीर्वाद डोक्यावर देत असतेत."

मी घाईघाईनं एक नंबरच्या कॉइलची वायर ओढली. कट्ट असा आवाज झाला. वायरचं प्लास्टिकचं टोक निम्मं माझ्या हातात आलं, निम्मं इंजिनात राहिलं. आता तीन नंबर आजारी, एक नंबर माझ्या हातून जायबंदी, आणि एकटा दोन नंबर शिल्लक. चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली ती झालीच.

दादानं घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं नाही, ते बरंच झालं.

एवढ्यात वळणावर लाल एसटी दिसली. वणीकडे जाणारी. म्हणजे मारेगाववरूनच! दादा रिटायर झालेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाही. पण त्या दिवशी तो रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून असा उभा राहिला की ड्रायव्हरला थांबण्यावाचून इलाजच नव्हता.

दार उघडून कंडक्टरबाई डोकावल्या. फेट्यातल्या अमोलला त्यांनी खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"खरंच नवरदेव आहे, की नाटकवाले आहा तुम्ही?"

"खराच आहे, ताई," वर्षा कळवळून म्हणाली. "मुहूर्त जवळ आला वो!"

"मंग चढा ना बापा लवकर!"

"मी गाडीपाशी थांबतो," मी म्हणालो. "पाच मिनिटांत वायर जोडून मागून येतो."

"तुले इथं ठेवलं तं तू इंजिन काढून टपरीवर मांडशील!" दादा पहिल्यांदाच ओरडला. "चाल, बस एसटीत!"

चहावाल्याला गाडीकडं लक्ष ठेवायला सांगून मी निमूट चढलो. बस गच्च भरलेली. पण नवरदेव पाहून एका आजोबांनी खिडकीची जागा सोडली. त्यांनी अमोलला बसवलं आणि वरून विचारलं, "गाडी काहून नाही केली बाबू? मुलीकडच्यांनी देली नाही काय?"

"केली होती," अमोल म्हणाला. "काकाची."

सगळ्या बसनं वळून माझ्याकडं पाहिलं. माझे हात कोपरापर्यंत काळे होते, त्यामुळे काका कोण हे विचारावं लागलं नाही.

कंडक्टरबाई तिकिटाचं मशीन सावरत आल्या. "बाईंचं अर्धं. तुमचे दोघांचे फुल. अन् नवरदेवाचं बी फुल."

"ताई, आज त्याचा मोठा दिवस आहे," दादा म्हणाला. "काही सूट?"

"सूट बाईमाणसाले आहे, भाऊ. लग्न करून राह्यला म्हणून नाही भेटत. झाल्यावर मात्र त्याची दया येते."

बस हसली. अमोलसुद्धा हसला. मग मागून कुणीतरी काकडी दिली, एका बाईनं पिशवीतून सुईदोरा काढून वाकलेला तुरा टाचून दिला, आणि वर्षानं आपल्याजवळचा जरीचा शेला त्याच्या खांद्यावर असा टाकला की माझी बोटं झाकली जावीत. (लग्नाच्या अल्बममध्ये एकूण एक फोटोत अमोल डाव्या हातानं शेला दाबून उभा आहे. नवरीकडचे लोक म्हणतात, पोरगा भारी रुबाबदार.)

मारेगावला मंगल कार्यालयाच्या फाटकाशी सगळं गाव फुलांच्या गाडीची वाट पाहत उभं होतं. बँडवाले वाद्यं गळ्यात अडकवून तयार. पुढं पोहोचलेलं आमचं वऱ्हाड रस्त्याकडं डोळे लावून. आणि समोर येऊन थांबली ती एसटी! बँडमास्तरनं हातानंच ड्रायव्हरला खूण केली, पुढं घे, नवरदेवाची गाडी यायची आहे.

कंडक्टरबाईंनी घंटीची दोरी ओढली आणि खणखणीत आवाजात पुकारा केला, "चला, नवरदेव उतरा! बाकीचे बसून राहा!"

पण बाकीचे कसले बसतात! खिडकी सोडणारे आजोबा उतरले, काकडीवाला उतरला, आणखी दहाबारा जण उतरले. बँड सुरू झाला आणि आमच्या वऱ्हाडाच्या आधी एसटीचे प्रवासीच नाचायला लागले. ड्रायव्हर खिडकीतून टाळ्या वाजवत होता. वधूपिता हार घेऊन पुढं आले ते गोंधळले आणि त्यांनी पहिला हार काकडीवाल्याच्या गळ्यात घातला. त्यानंही तो नम्रपणे स्वीकारला.

लग्न वेळेवर लागलं. अक्षता टाकून होताच मी नवरीकडच्यांच्या ओळखीचे मेकॅनिक रफीकभाई यांना गाठलं, आणि त्यांच्या जीपनं आम्ही गाडी ओढून मारेगावला आणली. रफीकभाईंनी आधी तुटलेली वायर जोडली. मग त्यांनीही माझ्यासारखंच सुरू केलं.

"पिलग गेला असंल."

"नवा आहे. आता तीनवर लावून पाहा."

लावला. इंजिन गरम होईस्तोवर थांबलो. उचकी कायम.

"मंग कॉइल."

"तीही नवी."

तीही लावली. उचकी कायम! रफीकभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. मला एकदम बरं वाटलं. ज्याचा धंदाच हा, तोही अडतो तर!

"आता एकच राह्यलं," ते म्हणाले. "इंजेक्टर. पेट्रोलचा फवारा मारते ना, ती पिचकारी. ठिणगी पडून राह्यली, पण पेट्रोलच नाही भेटलं तं पेटंल काय?"

"पण तोच खराब आहे हे कशावरून?"

"तीनचा काढू, एकले लावू. एकचा तीनले. मंग पाहू दुखणं कुठं जाते."

अदलाबदल झाली. इंजिन पुन्हा गरम झालं आणि थरथरायला लागलं. मी माझं यंत्र खोचलं. अक्षरं उमटली.

सिलेंडर क्रमांक एक!

"पिचकारीसंगं दुखणं सरकलं!" रफीकभाईंनी मांडीवर थाप मारली. "इंजेक्टरच आहे! गरम झाला का आखडते."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठी मारली. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं! खोटा फक्त मी होतो, आणि ते तर दुरुस्तीच्या पलीकडचं काम. नवरीचा मावसभाऊ मोटारसायकलनं वणीला जाऊन नवा इंजेक्टर घेऊन आला. तो बसवला आणि मी मुद्दाम करंजीपर्यंत गाडी पळवून आणली. धक्का नाही, उचकी नाही, दिवा नाही. या वेळी खरंच नाही.

परत आलो तेव्हा कार्यालयासमोर नवरीची पाठवणी सुरू झाली होती. आई रडत होती, वडील रडत होते, काकडीवाला (तो जेवायला थांबला होता) तोही डोळे पुसत होता. रडत नव्हती ती फक्त प्राजक्ता. रात्रंदिवस पेशंट सांभाळणारी धीराची पोरगी ती, हसून सगळ्यांच्या पाया पडत होती.

तिची मावशी तिला कोपरखळी मारत होती. "रड ना वो जरा! लोक काय म्हणतीन?"

"कायले रडू, मावशी? दोन तासांवर तं आहे यवतमाळ."

मला वाटलं, आता उशीर नको. मी गर्दीतून पुढं झालो, हात पुसले, छाती काढली आणि आनंदानं म्हणालो, "चल सूनबाई! गाडी मी स्वतः उभं राहून दुरुस्त करून आणली. आणि चालवायलाही मीच आहे!"

प्राजक्तानं माझ्याकडं पाहिलं. फुलं झडलेल्या गाडीकडं पाहिलं. मग आईच्या गळ्यात पडून तिनं असा काही हंबरडा फोडला की बँडवाल्यांनी सूर थांबवले.

सगळा मांडव हेलावला. मावशीनं डोळ्याला पदर लावला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, "भाऊ, आम्ही एवढे समजावून राह्यलतो, पण पोरीचं मन मोकळं केलं ते तुम्हीच!"

मी नम्रपणे हात जोडले. त्या दिवसभरात माझ्या हातून पहिल्या फटक्यात झालेलं ते एकमेव काम होतं.